शेंबूड राखिल्याची हकीकत

श्रोते हो, सावधान असावे. कविता बहुतांनी केल्या, कवितेपायी घरच्यांस वीट आणिला तेही बहुत. परंतु एका शेंबडासाठी ज्यांनी सरकारी मंडळाशी उभा दावा मांडिला, ऐसे राजमान्य राजश्री कविराव, पोराटोरांच्या हास्याचे वतनदार, एकच. त्यांची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो, पदरचा मीठमसाला फारसा घालीत नाही.

कविरावांनी सर्दी जाहलेल्या राजावर काव्य रचिले, ते ऐसे:

राजा बसला गादीवरी,
शेंबूड लोंबे मिशीवरी,
प्रधान म्हणे, मोती झरे,
दरबार म्हणे, खरे खरे.

हे ऐकोन त्यांची सात वर्षांची नात पोट धरोन जमिनीवर लोळली, आणि मग शेजारची पोरे लोळली, आणि कविराव कृतार्थ जाहले, कारण पोर हसावे यापरते दुसरे मागणे त्यांचे जिवास नव्हते. मग पाठ्यपुस्तक मंडळाने काव्य दुसरीचे पुस्तकास पसंत केले, परंतु फर्मान धाडिले की, शेंबूड काढोन त्याजागी दवबिंदू घालावा, आणि अखेरीस स्वच्छतेचा बोध जोडावा.

कविरावांची तळपायाची आग मस्तकी गेली. कविपत्नी भाजी निवडीत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, एवढंसं तर आहे, घाला की दवबिंदू." आणि मग जुडी बाजूस ठेवोन म्हणाल्या, "पण शेंबडाला दवबिंदू म्हणायचं, म्हणजे जरा अतीच होतंय हं." ही मसलत शिरसावंद्य मानोन कविरावांनी इस्त्रीचा सदरा चढविला, छत्री घेतली, आणि बसने कूच केले.

मंडळाचे दालनी अध्यक्ष विराजमान, उजवे हाती वयोवृद्ध भाषातज्ज्ञ, डावे हाती बिस्किटांची बशी. भाषातज्ज्ञांनी सभ्यतेच्या तोफा डागिल्या, आणि कविरावांनी सर्व मारा सोसोन एकच अर्ज केला की, हुजुरांनी आपला दवबिंदू पोरांपुढे म्हणावा तैसा साभिनय म्हणोन दाखवावा. अध्यक्ष उठले, छाती काढोन गादीवर बसल्याचा आव आणिला, आणि दवबिंदूपाशी येताच जीभ अडखळोन मूळचा शेंबूडच खणखणीत बाहेर पडला. तेसमयी भाषातज्ज्ञ, जे नेमणुकीपासोन हसले नव्हते, ऐसे हसले की कवळी चहाचे कपात पडली. मग अवघे मंडळ हसले, आणि शिपायाने अब्रूखातर दार लोटोन घेतले.

मग तह जाहला. शेंबूड कायम, बोध माफ, फक्त कवितेखाली स्वाध्याय जोडावा येवढे एक कलम मंडळाकडे राहिले. कविराव विजयाचे कैफात होते, त्यांनी न वाचिता सही ठोकिली.

पुढे पुस्तक निघाले, शाळा उघडल्या. एके संध्याकाळी कविरावांनी नातीस जवळ घेवोन मोठ्या हौसेने राजास गादीवर बसविले. नात हसली नाही. मान खाली घालोन तिने घडाघडा म्हटले, "राजाच्या मिशीवर काय लोंबत होते? राजाच्या मिशीवर शेंबूड लोंबत होता. प्रधान काय म्हणाला, एका वाक्यात उत्तर द्या." मग हळूच म्हणाली, "आजोबा, दुसरी सांगा ना. ही परीक्षेला आहे." कविरावांस बहुत वाईट वाटले, आणि दुसरी काही सुचेना.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शेंबूड मुलुखातील सर्व शाळांत बहाल जाहला, लेखी परीक्षेत त्यास दोन गुण मुक्रर जाहले, आणि त्यावर कोणी पोर हसल्याची नोंद दप्तरी नाही.