थंडीतच भेटणारं प्रोटीन

मला टक्कल आहे, आणि संशोधनाच्या क्षेत्रात मी ती पात्रता समजत होतो.

प्रोटीनवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे केस. केससुद्धा प्रोटीनचाच बनलेला असतो. त्याचा बारीकसा तुकडा नळीत पडला, की यंत्र तुमचं प्रोटीन सोडून त्याचेच गुण गात बसतं. म्हणून तिथे सगळे कागदी टोपी घालतात. मी घालत नसे. पहिल्याच दिवशी टोपी पुढे आली, तेव्हा मी नुसतं डोकं पुढे केलं. प्रत्येक नियमाला अपवाद असतो, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. आता अपवाद मीच होतो.

शिकवत आलो म्हणजे, मी कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा मास्तर आहे. पीएचडीवाचून पुढे सरकता येणार नाही असं कॉलेजने कळवल्यामुळे पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा विद्यार्थी झालो. आणि गाइड कोण मिळावी? माझीच जुनी विद्यार्थिनी. मोकळे केस घेऊन आली म्हणून एकदा मी तिला प्रॅक्टिकलमधून बाहेर काढलं होतं. "निष्काळजी माणसाने विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये," असं सगळ्या वर्गासमोर सुनावलं होतं. ती गेली, आणि चांगली लांबवर गेली. आता मी तिला मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात, आणि आमच्यात कोण कोणाला घाबरतं हे तिसऱ्याला सांगता येत नाही. मी त्यांचा पीएचडीचा पहिलाच विद्यार्थी. मी आपटलो असतो, तर नाक त्यांचं कापलं जाणार होतं.

माझं काम ऐकायला सोपं होतं. मातीतल्या एका जिवाणूचं एक प्रोटीन घ्यायचं, ते बारीक मण्यांना चिकटवायचं, त्यावरून जिवाणूचा रस सोडायचा आणि त्या गर्दीतून कोण येऊन त्याला बिलगतं ते पाहायचं. दीड वर्ष कोणी बिलगलं नाही. एखाद्या बिनलग्नाच्या पुतण्यासाठी स्थळं पाहावीत, तसा मी त्या प्रोटीनसाठी झिजत होतो.

हे सगळं कोल्ड रूममध्ये चालायचं, कारण उष्णतेत प्रोटीन बिघडतं. कोल्ड रूम म्हणजे माणूस उभा राहू शकेल असा फ्रिज. तिथून निळे ओठ घेऊन घरी येऊ लागलो, तेव्हा सासऱ्यांनी सूत्रं हाती घेतली. सासरे आमच्याकडेच असतात. जन्मभर त्यांनी पूल बांधले आणि निवृत्तीनंतर विणकाम शिकले. त्यांचा पहिला स्वेटर मला मिळाला. एक बाही लांब होती, कारण त्यांच्या मते माझे हातच तसे आहेत. गळा असा घट्ट, की डोकं बाहेर आलं की पुनर्जन्म झाल्यासारखं वाटे. आणि लोकर अशी झडायची, की मी जिथून उठे तिथे थोडा स्वेटर बसून राही.

पण ऊब होती! त्या उबेत मी प्रयोग केला, आणि पहिल्याच फटक्यात प्रत्येक प्रोटीनचा वेगळा निळा पट्टा दाखवणाऱ्या जेलवर माझ्या प्रोटीनच्या पट्ट्याशेजारी दुसरा, फिकट निळा पट्टा उमटला. कोणीतरी बिलगलं होतं!

पुन्हा केला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा आला. मॅडमचा चेहरा उजळला, पण त्यांनी कंट्रोल मागितला. म्हणजे माझं प्रोटीन न घालता तोच प्रयोग. तेव्हाही पट्टा दिसला, तर तो भलत्याच कुणाचा. त्या दिवशी माझे गुडघे धरले होते, म्हणून कंट्रोल मी बाहेर, टेबलावर, शर्टाच्या बाह्या सारून केला. पट्टा नाही! मग हौसेने माझं प्रोटीन घालूनही बाहेरच करून पाहिलं. तेव्हाही पट्टा नाही. यावरून कोणत्याही शहाण्या माणसाने जो निष्कर्ष काढला असता तोच मी काढला: हे नवं प्रोटीन फक्त थंडीतच भेटायला येतं.

"कंट्रोल कोल्ड रूममध्येच केलात ना, सर?" मॅडमनी विचारलं होतं.

मी मान हलवली. पंचवीस वर्षं फळ्यासमोर हलवलेली मान होती. तिच्यावर कोणी शंका घेत नाही.

पट्टा कापून ओळख पटवायला यंत्रावर पाठवला. तिथल्या माणसाला मी बजावलं, की ताडून पाहायचं ते फक्त माझ्या जिवाणूच्या प्रोटीनांशी. बाकी जगाशी मला कर्तव्य नाही. उत्तर आलं: एकाशीही जुळत नाही. म्हणजे प्रोटीन जगाला अज्ञात! सगळ्या सजीवांशी ताडलंत का, असं मॅडमनी विचारलं. पुन्हा तीच मान.

समितीसमोर बोलायचा दिवस आला. नोंदणी पुढे चालू ठेवायची की मला घरी पाठवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. सभागृहातला एसी कोल्ड रूमशी पैज लावत होता, म्हणून मी स्वेटर चढवला. स्वेटर व्यासपीठावर जाणार म्हटल्यावर सासरेही आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

मी छान बोललो. इतका छान, की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज म्हणून विचारलं, ही जुळवाजुळव आत्ता इथेच, सगळ्या सजीवांशी, करून दाखवता येईल का. मॅडमना काय कल्पना! त्यांनी अभिमानाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर चक्र फिरलं, आणि सगळ्यात वर ओळ आली: केराटिन, केसांचं प्रोटीन. मेंढी. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "तुमच्या प्रयोगात मेंढी कुठे येते?"

प्रोजेक्टरच्या झोतात माझ्याभोवती लोकरीचे तंतू संथपणे तरंगत होते, आणि अख्खी समिती ते पाहत होती.

शेवटच्या रांगेतून सासरे उठले. "साहेब, यंत्र बरोबर सांगतंय. अस्सल लोकर आहे, स्वेटर मी स्वतः विणलाय. पण अठ्ठ्याण्णव कसे? दुकानदाराने शंभर टक्के म्हणून दिली होती."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

मग मॅडम उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "कंट्रोल कुठे केला, हे मी विचारायला हवं होतं."

त्यांनी विचारलं होतं. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. भर वर्गात एका मुलीला निष्काळजी म्हणणारा मास्तर तिच्या पाठीमागे उभा होता, मेंढीच्या वेषात.

मी ठरवलं, बोलायचं. पण बोलण्याआधी तो पुरावा अंगावरून उतरवावा, म्हणून स्वेटर वर ओढला, आणि गळ्याने डोकं धरलं. आतल्या अंधारात मला विलक्षण धीर आला. "मॅडमनी दोन्ही वेळा विचारलं होतं. मी खोटी मान हलवली," असं मी खणखणीत सांगितलं. सगळं लोकरीत मुरलं. एका बाहीला सासरे लटकले, दुसरीला मॅडम. "सर, हात वर करा," असं त्या म्हणाल्याचं ऐकू आलं, आणि मी डोळे किलकिले करत उजेडात आलो.

"काही म्हणालात का?" परीक्षकांनी विचारलं.

म्हणजे ते सगळं आता तोंड दाखवून पुन्हा म्हणायचं होतं. म्हटलं. आत होतो तोवर सोपं गेलं होतं.

समितीने मला आणखी एक वर्ष दिलं. माझी कीव आली, की मॅडमची, ते विचारायचं धाडस झालं नाही. बाहेर व्हरांड्यात मॅडमनी पर्समधून कागदी टोपी काढून माझ्या हातात ठेवली.

"सर," त्या म्हणाल्या, "निष्काळजी माणसाने..." आणि थांबल्या. पुढचं आम्हा दोघांनाही पाठ होतं.

तेव्हापासून टक्कल असलेल्यांनाही टोपी सक्तीची आहे. घरी हे बोलून गेलो, तिथेच चुकलो. काल सासऱ्यांनी माझ्या डोक्याचं माप घेतलं. दुकान बदललंय म्हणाले. ही लोकर पूर्ण शंभर टक्के आहे.