बसूच्या रक्तावरचं पांघरूण

सोलापुरात, भर मे महिन्यात, रुद्राणीअव्वांच्या पणतवाला शिंक आली.

घटना गंभीर होती. त्या घरातली सगळी बाळं अव्वांनी न्हाऊ-माखू घालून वाढवली होती आणि अव्वांच्या परवानगीवाचून एकालाही कधी सर्दी झाली नव्हती. आता हा बसू. त्याला दोन वेळा ओव्याची दाट धुरी मिळत होती आणि धुरीतून बाहेर आला की तो शिंकत सुटायचा. दोष धुरीचा नव्हता, हे उघड होतं. धुरी अव्वा स्वतः देत होत्या.

त्यांनी नातवाला, म्हणजे बसूच्या बापाला, समोर बसवलं.

"संगमेश, खरं सांग. दवाखान्यात लेकराचं काय काय काढून घेतलं?"

संगमेशनं सांगितलं. बाळाची नाळ कापली की नाळेत थोडं रक्त उरतं. ते सुईनं पिशवीत घेतात. कंपनीचा माणूस ती पिशवी परगावच्या प्रयोगशाळेत पोचवतो. तिथं ताकातनं लोणी काढावं तशा त्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या करतात, हळूहळू गोठवतात आणि टाकीत ठेवतात. उद्या बसूला मोठं दुखणं आलं तर असावं जवळ.

"टाकीत कितपत गार असतंय?"

"उणे एकशे शहाण्णव."

अव्वांना उणे कळलं नाही, पण एकशे शहाण्णव कळलं.

"लेकराचं रगत तितं बर्फात बुडवलंस, मग हितं ते शिंकंल न्हाईतर काय करंल?"

"अव्वा, त्या रक्ताचा आता बसूशी काही संबंध नाही."

"संबंध न्हाय, तर त्याच्या दुखण्याला ते चालंल कसं?"

संगमेश इंजिनिअर होता. त्यानं कंपनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा प्रतिनिधी सोहेब आला. त्यानंच ही योजना संगमेशच्या गळ्यात मारली होती. ग्राहकाला 'नाही' म्हणायचं नाही, हे त्याच्या प्रशिक्षणात पक्कं करून घेतलं होतं.

"बाबा, तुमची ती टाकी जरा गरम करा की," अव्वा म्हणाल्या.

"तापमान वाढलं तर पेशी मरतात, आजी."

"मग पांघरूण तरी घाला."

याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं. सोहेबनं नम्रपणे सूचना वरिष्ठांकडे पाठवतो म्हणून सांगितलं. अव्वांनी कपाटातनं डबल चादर काढली, मोराची.

"रक्ताला एवढी मोठी कशाला, अव्वा?" नातसून शिवलीला म्हणाली.

"तू गप. तुज्या नवऱ्याला आखूड पांघरूण घातलं हुतं त्याच्या आईनं, बघ कसा निपजला."

चादर मुख्य कार्यालयात पोचली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी लेखी अभिप्राय दिला, की टाकीवर चादर घातल्यानं काहीही फरक पडणार नाही. व्यवस्थापनानं याचा अर्थ 'हरकत नाही' असा लावला. टाकीला चादर गुंडाळण्यात आली आणि तसा फोटो अव्वांकडे रवाना झाला.

योगायोगानं त्याच आठवड्यात घरातला ओवा संपला आणि बसूच्या शिंका थांबल्या.

"बघा," अव्वा म्हणाल्या. घरात कुणालाच बघण्यावाचून इलाज नव्हता.

शिवलीलानं तो फोटो आयांच्या ग्रुपवर टाकला आणि कंपनीचे फोन वाजू लागले. एका टाकीत शेकडो बाळांचं रक्त. मग चादर एकट्या बसूचीच का? टाकीच्या तळाशी असलेल्या बाळांनी काय पाप केलंय? एका आईनं तर आपल्या लेकराला दुसऱ्याची वापरलेली ऊब चालणार नाही, असं कळवलं. कंपनीनं प्रश्न संवेदनशीलतेनं हाताळला. 'ऊब योजना' सुरू झाली. प्रत्येक बाळाच्या नावाची वेगळी चादर, उन्हाळ्यात सुती, हिवाळ्यात लोकरी. टाकी दिसेनाशी झाली. टाकी गार ठेवणारा द्रव नायट्रोजन भरायला जाणारा कर्मचारी चादरी बाजूला करता करता रोज घामाघूम होऊ लागला.

शेजारचे शहाजीराव निवृत्त प्राध्यापक. चादरीवर सगळ्यात जास्त तेच हसले होते. एका संध्याकाळी ते हळूच येऊन अव्वांपाशी टेकले.

"नातीची नोंदणी करून टाकली. चादरीसकट."

"तुमचा इश्वास न्हाय म्हणत हुता की."

"विश्वास नाहीच. पण असलेली बरी."

"व्हय," अव्वा म्हणाल्या, "आमच्या संगमेशनं रगत ठेवलं तवा अगदी असंच म्हणला हुता."

शहाजीरावांना चहा दिला गेला. अव्वांच्या मनावरचा भार उतरला होता. नवा ओवाही आला होता. पण टाकीवर चादर असताना धुरीची गरज काय, म्हणून त्यांनी तो भज्यांत घातला.

अव्वांना हसणारे शिकलेले वाचक असणारच, याची कंपनीला कल्पना आहे. असे वाचक ग्राहक झाले, की त्यांच्या नावाची चादर टाकीवर घालून त्यांचा अपमान केला जात नाही. त्यांना फक्त चादरीचे फायदे दाखवणारा रंगीत आलेख पाठवतात, खाली तिघा तज्ज्ञांच्या सह्यांसकट. आजवर एकानंही तो परत केलेला नाही. बऱ्याच जणांनी तो फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला आहे. तुमच्याकडे कुठल्या भिंतीवर आहे?