मयत सावळी हिची फिर्याद

"शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा तिसरा डोळा म्हणजे महिपत. माझ्यासमोर गुन्हेगार बसला की त्याला घाम फुटतो. निरपराध बसला तर त्यालाही फुटतो, पण तो घाम वेगळा. हा फरक महाराष्ट्रात फक्त मला कळतो."

हे मी लिहिलेलं नाही. हे त्याच्या कार्डावर छापलंय. कार्डाच्या मागे 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म' असं आहे, आणि मुरबाडातलं आमचं दुकान चालतं ते त्या मागच्या बाजूवर. ती बाजू मी सांभाळते. माझं नाव भावना. कार्डावर माझं नाव नाही. जागा पुरली नाही म्हणे.

आश्विनातली गोष्ट. मंगळवारी भर दुपारी एक म्हातारी दुकानात आली. वैशाखरेच्या वरच्या वाडीतली, सावळी नावाची. बाकावर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "तपास करनारा तूच ना रे? माजा खून झालाय. कोनी केला त्ये शोध."

महिपत ताडकन उभा राहिला. बारा वर्षं तो एका खुनाची वाट बघत होता. तोवर त्याच्या खात्यावर दोन हरवलेल्या शेळ्या होत्या, आणि त्यातली एक स्वतःच घरी आली होती.

"प्रेत कुठाय?"

"ह्ये काय, बसलंय तुज्यासमोर."

तिने कमरेची पिशवी सोडून कागद काढला. मतदार यादीची झेरॉक्स. तिच्या नावावर आडवा शिक्का होता, 'मयत'.

हकीकत साधी होती. पंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. वाडीचा मेंबर नामा, म्हणजे सावळीच्या बहिणीचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी पाणी आणतो म्हणून निवडून आला. पाइप आला, नळ आला, नळाभोवती कट्टा झाला, कट्ट्यावर नामाचं नावही आलं. पाणी तेवढं राहिलं.

"मला त्याला पाडायचाय," सावळी म्हणाली. "पन मेलेल्या बाईनं कसा पाडायचा?"

यादीवर हरकत घ्यायची शेवटची तारीख शुक्रवार. आणि म्हातारी काही सरळ खुनाची फिर्याद घेऊन आमच्याकडे आली नव्हती. आधी तिने तालुक्याला चार फेऱ्या मारल्या होत्या. खिडकीतला माणूस म्हणाला होता, "जिवंत असल्याचा पुरावा आणा."

"मी आलेय ना."

"तुम्ही नकोत. पुरावा पाहिजे."

पुराव्यासाठी ती गावच्या कार्यालयात गेली. तिथे उत्तर मिळालं, "यादीत तुम्ही मयत. मयताला हयातीचा दाखला दिला तर माझी नोकरी जाईल."

आता यावर मी काय बोलू? बोलते. असल्या खिडक्यांना गज असतात ते आतल्या माणसाला आपल्यापासून वाचवायला. एरवी सावळीने त्या दिवशी खरोखरचा एक खून केला असता, आणि मी तिला झेरॉक्स फुकट काढून दिली असती.

महिपतने मात्र डोळे मिटले. तो विचार करतो तेव्हा झोपल्यासारखा दिसतो. बऱ्याचदा झोपलेलाही असतो.

"बाई, तुम्हाला जुळी बहीण आहे?"

"जुळी नाय. थोरली व्हती. नामाची आय. ती मेली."

"कधी?"

"ईस वरसं झाली."

"वीस वर्षं!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे मेली ती, आणि सरकारला वाटलं तुम्ही. टपाल उशिरा पोचलं."

"आनि तवापास्नं मी चार इलेक्शनं मत टाकलं, त्ये काय भुतानं?"

हा तर्क तिथेच वारला. दुसरा तर्क असा, की समोर बसलेली बाई सावळी नाहीच, तोतया आहे. महिपतने तिच्या आधारकार्डावरचा फोटो भिंगातून पाहिला आणि विजयाने म्हणाला, "ही बाई वेगळी आहे!"

मीही पाहिला. त्या फोटोत माझी आई असती तरी मी ओळखली नसती.

तिसरा तर्क नामाचा. हेतू आहे, संधी आहे, नातं आहे. महिपत म्हणाला, "घटनास्थळ बघायला हवं. गुरुवारी सगळे संशयित तिथे एकत्र करायचे. मी एकेकाच्या डोळ्यांत बघणार आणि खुनी आपोआप रडणार."

मी दोन फोन लावले. एक नामाला. दुसरा आदेश गुरुजींना. गुरुजी शेणव्याचे, बदली होऊन इकडे आलेले. शाळा खालच्या गावात, आणि सात वाड्यांच्या मतदार यादीचं काम त्यांच्या गळ्यात. घरोघर फिरून कोण आहे, कोण नाही, हे टिपणारे तेच.

गुरुवारी आम्ही वाडीवर चढलो. सावळीचं घर कुडाचं, एका खोलीचं. महिपत चौकटीत थबकला.

"कुणी आत येऊ नका! पुरावा!"

खोलीच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर राख पसरलेली होती. तिच्यावर बांबूची पाटी पालथी घातलेली, बाजूला विझलेली पणती. पाटीच्या कडेने राखेत ठसे उमटले होते. महिपत पालथा पडला. भिंग लावलं. बराच वेळ गेला.

"आरोपी वजनाने हलका आहे," तो खालून म्हणाला. "अनवाणी आहे. आणि त्याला एका पायाला तीनच बोटं आहेत."

नामाने घाईघाईने स्वतःच्या वहाणा काढून पाय दाखवले. "माजी पाच हायत, साहेब! मोजा!"

"कोंबडीय रे ती," सावळी म्हणाली.

"कोंबडीला कोणी पाठवलं?"

"उठ मेल्या तिथनं, राख नाकात जाईल."

तेवढ्यात गुरुजी पोचले. दम लागलेला, काखेत फाइल. दारातून त्यांनी आत पाहिलं. राख, पालथी पाटी, पणती. आणि त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मान खाली घालून उभे राहिले.



"गुरुजी," सावळी म्हणाली, "पाया कोनाच्या पडता? काकडीचं बी हाय त्ये. राखंत ठेवलं म्हंजे किडत नाय. वरती पाटी घातली म्हंजे उंदीर कोंबडी शिरत नाय. पनती देवाची, रातची."

गुरुजींचा चेहरा हळूहळू राखेच्या रंगाचा झाला.

आमच्याकडे माणूस गेलं की घरात राख पसरतात, दिवा लावतात, वर पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून बघायचं, कुणाची पावलं उमटलीत, म्हणजे गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं. हे शेणव्यातही करतात.

"गेल्या पौषात आलो होतो मी," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "अख्खी वाडी रिकामी. या घराच्या कुडातून डोकावलो, तर हेच दिसलं. दुखवट्याच्या घरात हाक कशी मारायची? दोन मिनिटं उभा राहिलो, बाई. घरात नाव तुमचं एकटीचं. मग 'मयत' लिहिलं."

"पौषात आमी समदे कल्यानकडं वीटभट्टीवर असतो," सावळी म्हणाली. "दर सालाला असतो. जाताना बी झाकतो नि देवाला दिवा लावून निघतो. कुत्र्याला पन ठावं हाय."

"बाकीची घरं?" मी विचारलं.

"तेरा जण. 'आढळले नाहीत' असं लिहिलंय. त्यांचीही नावं गेली."

मग मात्र माझी सटकली. वाडी भट्टीवर जाते तेव्हा वही घेऊन तिच्या दारोदार फिरायचं, आणि वाडी घरी असते तेव्हा तिला कचेरीच्या खिडकीत बोलवायचं! मरायला एक पालथी पाटी पुरते, आणि जगायला चार फेऱ्या कमी पडतात! गुरुजींना मी हे सगळं त्यांच्या तोंडावर सुनावलं. ते चांगले होते, ऐकून घेतलं. वर म्हणाले, "मॅडम, मला कामच पौषात देतात." तेही खरं होतं, म्हणून राग अजूनच वाढला.

"आता उपाय?"

"उपाय काय, अर्ज भरायचा. पडताळणीला माझीच सही लागते."

म्हणजे मारेकरीच वैद्य. त्यांनी फाइल उघडली, मोबाइलवर फोटो काढला, आधारची नक्कल जोडली, सही केली. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. चार फेऱ्या आणि अकरा मिनिटं. मग त्या तेरा जणांना हाका मारल्या. अंधार पडायच्या आत सगळे अर्ज झाले. नामाने सर्वांना चहा पाजला, कारण तेरा मतं म्हणजे तेरा मतं. महिपतने त्या रात्री वहीत लिहिलं, 'खुनाचा छडा लागला. मयत सुखरूप.'

मतदान आलं ते पौषातच. दुसरं कधी येणार? भट्टीवरून सावळी एका दिवसाची सुट्टी काढून आली. यादीत नाव होतं. ती आत गेली, बोटाला शाई लावून बाहेर आली. शंभर मीटरच्या रेषेपलीकडे नामा हात जोडून उभा होता. ती सरळ त्याच्याजवळ गेली.

"नामा, तुला नाय टाकलं. पानी आन, मंग पुढल्या टायमाला बघू."

नामा कावराबावरा होऊन इकडेतिकडे बघत म्हणाला, "मावशे, हळू बोल ना गो! मतदान गुप्त असतंय!"

"गुप्त मेलेल्यांचं," सावळी म्हणाली. "जित्या मानसानं तोंडावर सांगायचं."