जावयाच्या ताटातली हाडं

श्रीधर जेवून हात धुवायला उठला आणि बाबारावांची नजर जावयाच्या ताटावर पडली. ताट लख्ख होतं. भाकरीचा तुकडा नव्हता, रस्सा बोटाने पुसून घेतलेला होता, आणि हाड एकही नव्हतं. बाबारावांनी वाटी उचलून तिच्याखालीही पाहून घेतलं.

"जवाई, हाडं कुठं गेली?"

श्रीधरने बायकोकडे पाहिलं. पुष्पलतेने छताकडे पाहिलं. या जेवणाची तयारी दोघं आठ दिवस करत होती, पण हाडांचा विचार दोघांनाही सुचला नव्हता.

"चावली," श्रीधर म्हणाला.

"सगळी?"

"हो. मस्त शिजली होती, मामाजी."

खरी गोष्ट अशी होती की श्रीधरने जन्मात मटण खाल्लं नव्हतं. घरचे सगळे रविवारी ताव मारत आणि हा वरणात भाकरी कुस्करून कोपऱ्यात बसे. कारण विचाराल तर काही नाही, घास खाली उतरत नसे एवढंच. गळ्यात तुळशीची माळ असती तर सगळं सोपं होतं. माळकऱ्याला नागपुरात कोणी आग्रह करत नाही, वर पाया पडतात. पण माळ नसलेल्या माणसाने मटण नाकारलं, की लोक आधी तब्येत विचारतात आणि मग राग धरतात.

त्यातून सासरा टांडापेठेतला विणकर. सहा दिवस हातमागावर बसायचा आणि रविवारी स्वतः चुलीपाशी. पुष्पलता सात वर्षांची असताना तिची आई गेली, आणि बाबारावांनी पोरीला एकट्याने वाढवलं. माया तोंडाने सांगणं त्यांना कधी जमलं नाही. ते वाटीत एक बोटी जास्त टाकत, त्यावरून समजायचं. पोरीसाठी स्थळं आली तेव्हा त्यांची अट एकच होती: माझ्या हातच्या मटणाला जो नाही म्हणेल, त्याला पोरगी नाही. या अटीवर एक चांगला ओव्हरसियर परत गेला होता. श्रीधरच्या मामाने बैठकीत ठोकून दिलं की पोरगा रविवारची वाट सोमवारपासून पाहतो. त्याच वेळी पुष्पलता चहा घेऊन आली, श्रीधरने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. लग्न त्या मान हलवण्यावर झालं.

लग्नानंतर पुष्पलतेला खरं कळलं तेव्हा ती हसली नाही, कामाला लागली. पहिल्या रविवारी माहेरी, शेजारच्या माळकरी प्रयागबाईसाठी म्हणून तिने चुलीवर वेगळा गंज चढवून बेसनाच्या पाटोड्या केल्या, वडिलांच्याच मसाल्यात. वरून लाल तर्री आली की खाली बेसन आहे का बकरा, हे बघून कोणाला कळत नाही. पाटोड्या सुरीने न कापता तिने हाताने तोडल्या, म्हणजे चौकोनी दिसू नयेत. सगळं बिनबोभाट पार पडलं होतं, फक्त बेसनाला हाडं नसतात.

बाबाराव त्या दिवशी फार खूश झाले. सोमवारी त्यांनी ही गोष्ट सुताच्या दुकानात सांगितली, मंगळवारी चहाच्या टपरीवर. बुधवारी टांडापेठेतले दोघं काही काम नसताना श्रीधरच्या कचेरीत आले आणि त्याच्या दातांकडे बघून गेले. गुरुवारपर्यंत जावई नळीचं हाड शेंगदाण्यासारखं फोडतो असं ठरलं होतं. शेवटी मोहल्ल्यातल्या सर्वांत जुन्या देवाजीपर्यंत बातमी गेली. देवाजीला स्वतःला एकही दात उरला नव्हता, तरी हिरड्यांनी अजून अर्धा किलो खातो असं तो सांगत असे. आपल्या बापानंतर हाडं चावणारा माणूस टांडापेठेने पाहिला नाही, येत्या रविवारी आपण जावयाच्या बाजूला बसणार आणि कान लावून ऐकणार, असं त्याने जाहीर केलं. बाबारावांना दहा माणसांना आमंत्रण द्यावं लागलं.

शनिवारी श्रीधरने सगळं कबूल करायचं ठरवलं. सायकलही बाहेर काढली.

पुष्पलतेने हँडल धरलं. "आता सांगसान तर बाबा साऱ्या मोहल्ल्यात खोटे पडतीन. मंग ते कोणत्या तोंडानं उभे राहतीन?"

श्रीधरने सायकल आत ठेवली. आतापर्यंत त्याची स्वतःची लाज जाणार होती, ती त्याने कशीबशी सोसली असती. आता म्हाताऱ्याची जाणार होती.

रविवारी पुष्पलतेने पाटोड्या घरूनच डब्यात आणल्या. प्रयागबाईचं नाव लागोपाठ दोनदा सांगणं बरं दिसलं नसतं. या वेळी तिने बेसनाखाली सुक्या खोबऱ्याचे जाड तुकडे भाजून टाकले होते, आवाजासाठी. पण आत येऊन पाहते तर पाट मांडलेले आणि श्रीधरच्या पाटासमोर काठोकाठ भरलेली वाटी. जावयाला आज मी माझ्या हाताने वाढलं, असं बाबारावांनी सांगितलं आणि ते पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला अंगणात गेले. तेवढ्या वेळात तिने डब्यातलं दुसऱ्या वाटीत काढून ती श्रीधरपुढे ठेवली आणि वडिलांनी भरलेली वाटी बाजूच्या रिकाम्या पाटापुढे सरकवली. तो पाट देवाजीचा होता.

पंगत बसली. सगळ्यांचे घास हातात आणि डोळे श्रीधरवर. देवाजीने खरोखरच मान वाकडी करून कान जवळ आणला. श्रीधरने घास घेतला, दाढेखाली खोबरं धरलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन चावलं. कडकन आवाज झाला.

पंगतीत वाहवा झाली. फक्त बाबारावांचा चेहरा उतरला. त्यांच्या हातातला घास तोंडापर्यंत गेलाच नाही. श्रीधरने दुसरं खोबरं फोडलं तेव्हा ते अर्धवट उठले आणि परत बसले. असं का, हे श्रीधरला कळेना. आपलं पितळ उघडं पडलं असं वाटून तो घाईघाईने आणखी जोरात चावू लागला.

शेवटी त्याचं ताट स्वच्छ झालं. लोक वाकून वाकून बघत होते, तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष बाजूला गेलं.

"देवाजीबाबा, तुमच्या ताटातबी हाडं नाहीत."

सगळी पंगत देवाजीच्या ताटाकडे बघू लागली आणि मग त्याच्या तोंडाकडे. पुष्पलता दारात भाकरीची टोपली घेऊन जागच्या जागी थिजली. देवाजीने बोट चाटलं, आधी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग बाबारावांकडे.

"जवायाचं काय कौतुक करून राहिले गा तुम्ही? या बाबारावच्या हातचं मटणच असं आहे. गंजाच्या बुडाशी जे शिजते, त्यात हाडबी लोण्यासारखं होते. तुम्हाले वरवरचं आलं."

यावर वाद घालणं शक्य नव्हतं, पुरावा देवाजीच्या हिरड्यांत होता. लोक श्रीधरला विसरले आणि चूल किती वेळ पेटती होती, मसाल्यात काय घातलं, हे बाबारावांना विचारू लागले. श्रीधरकडे आठ दिवसांत पहिल्यांदाच कोणी बघत नव्हतं. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

पाहुणे पान खायला अंगणात गेल्यावर बाबारावांनी दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"जवाई, खरं सांगा. तुम्ही आज काय चावलं?"

"खोबरं," श्रीधर म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

बाबाराव मटकन पाटावर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. प्रयागबाई शनिवारी संध्याकाळी नरखेडहून लेकीकडून परतली होती. मागच्या रविवारी ती नागपुरातच नव्हती, तेव्हा त्या पाटोड्या कोणी खाल्ल्या हे त्यांना एका क्षणात समजलं. पण तोवर आमंत्रणं गेली होती. म्हणून पहाटे उठून त्यांनी स्वतःच्या हाताने लपूनछपून पाटोड्या केल्या आणि जावयाची वाटी भरली.

"आणि तुमच्या तोंडातून कडकन आवाज आला. मले वाटलं, वाटी बदलली अन् माया इज्जतीसाठी हा पोरगा खरंच हाडं फोडून राहिला. दात पडतीन म्हणून जीव अर्धा झाला माया."

"मामाजी, तुम्ही मले आधी विचाराचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मंग मले माया शब्दापायी असा जवाई सोडा लागला असता." बाबारावांनी पुष्पलतेकडे पाहिलं. "म्हणून नाही विचारलं."

पुष्पलतेने डोळ्यांना पदर लावला आणि धूर फार झाला म्हणाली. चूल केव्हाची विझली होती.

पाहुणे निघाले. देवाजी सगळ्यांत मागे राहिला. चपला घालताना त्याने श्रीधरच्या खांद्याचा आधार घेतला आणि तोंड कानाशी आणलं.

"दोन वर्षं झाली, सून वाढते तवा मी नुसता रस्सा पितो अन् बोट्या कुत्र्याले टाकतो. आज पोटभर जेवलो. पुढच्या रविवारी येतो, मले तुमच्याच गंजातलं वाढा." दोन पावलं जाऊन तो परत वळला. "फक्त पोरीले सांगा, माया वाटीत खोबरं टाकू नको."