सूर्यावरचं बाईंचं कडं

"चित्रं बघायची असती तर मी चित्रकार झालो असतो! आणि पत्ते शोधायचे असते तर पोस्टमन!"

सौर वेधशाळेतला एक तरुण शास्त्रज्ञ हे वाक्य दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण बाकी सगळे त्याला छिद्रोबा म्हणायचे. कारण हा पठ्ठ्या सूर्याची भोकं मोजायचा!

म्हणजे कसं, तर बघा. सूर्याच्या अंगावर चुंबकाचा जोर सगळीकडे सारखा नसतो. वेधशाळेची दुर्बीण रोज सूर्याच्या उजेडावरून त्या जोराचा नकाशा काढायची. छिद्रोबाच्या लेखी तो नकाशा म्हणजे डोंगरदऱ्यांचा मुलूख. जोर जास्त, म्हणजे बहुतेक सूर्यावरच्या डागांपाशी, तिथे डोंगर. मग तो संगणकाला सांगायचा, हा सगळा मुलूख पाण्यात बुडव आणि पाणी हळूहळू उतरव. आधी शिखरं बेटांसारखी वर यायची, मग बेटं एकमेकांना जोडली जायची, आणि कधीकधी बेटांचं गोल कडं होऊन मधे तळं अडकायचं. हेच त्याचं भोक! चटकन आटलं तर किरकोळ, पाणी पार उतरेपर्यंत टिकलं तर खरं. प्रत्येक भोकाचा कागदावर एक ठिपका, आणि जितकं टिकाऊ भोक तितका ठिपका उंच. ते भोक सूर्यावर कुठे आहे, हे मात्र ठिपक्यात नसतं. छिद्रोबाला याचाच तर अभिमान!

बाईंना हे अजिबात पटायचं नाही. बाई म्हणजे दुर्बिणीच्या प्रमुख. छिद्रोबाला दुर्बिणीला हात कसा लावायचा हे त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे त्याची बोबडी वळायची. "अरे, कधीतरी सूर्याकडेही बघ की!" असं त्या म्हणायच्या आणि तो मान खाली घालून हसायचा. पण आता बाई शुक्रवारी निवृत्त होणार होत्या, आणि संचालकांनी जाहीर केलं होतं की छिद्रोबाचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद करून त्याला जुने फोटो लावायला बसवायचं, हे बाई जाताना सांगतील. छिद्रोबाची झोप उडाली होती.

आणि सोमवारी ठिपका सापडला! सगळ्या ठिपक्यांच्या वर, एकटाच, ऐटीत. रविवारच्या नकाशातही होता, मागच्या महिन्यातही होता, थेट चार महिने मागेपर्यंत होता! सूर्यावरचे डाग काही दिवसांत, फार तर महिन्या-दोन महिन्यांत विरतात, आणि हे कडं चार महिने जसंच्या तसं! छिद्रोबा धावत घरी आला.

"याला मी बाईंचं नाव देणार! 'बाईंचं कडं'! निरोप समारंभात जाहीर करणार!"

"किती छान रे!" बायको मनापासून म्हणाली. "पण दिसतं कसं ते?"

"दिसतं कसं, हा प्रश्नच गौण आहे!"

"चष्मा कपाळावर असताना घरभर शोधतोस ना, म्हणून आपलं विचारलं."

आतल्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांनी ऐकलं आणि फोन उचलला. पहिल्या फोनवर त्या म्हणाल्या, "आमच्या जावईबापूंनी सूर्यावर भोक शोधलंय." तिसऱ्या फोनपर्यंत ते "सूर्याला भोक पडलंय" झालं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, की मग कपडे उद्याच वाळवून घ्यावेत का!

बुधवारी वेधशाळेचे फोन खणखणू लागले. "सूर्य गळतोय का हो?" "भोक मोठं होतंय का?" "आमचं छत पत्र्याचं आहे, चालेल ना?" संचालक आधी चिडले, मग खुलले. इतक्या वर्षांत वेधशाळेला कुणी चुकूनही फोन केला नव्हता! त्यांनी समारंभ छोट्या खोलीतून सभागृहात हलवला आणि वर जादा खुर्च्या मागवल्या.

"तुझं कडं पक्कं आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

"साहेब, इतकं पक्कं भोक मी जन्मात पाहिलं नाही!" छिद्रोबा म्हणाला. आणि ते खरंच होतं. त्यानं ते पाहिलंच नव्हतं!

शुक्रवारी सभागृह तुडुंब भरलं. पहिल्या रांगेत बायको, सासूबाई, त्यांच्या मैत्रिणी आणि खालच्या काकू. छिद्रोबानं भाषण केलं, आणि मग पडद्यावर ठिपका झळकला. टाळ्यांचा कडकडाट!

बाई ठिपक्याकडे बघत राहिल्या. "बरं. ठिपका बघितला. आता कडं दाखव."

"बाई, आमच्या पद्धतीत तसं..."

"माझ्या नावाचं आहे ना? मग मला बघू दे तरी!"

छिद्रोबानं घाम पुसत मूळ नकाशे काढले. संगणकाला सांगितलं, कड्याभोवती लाल खूण कर. पहिला नकाशा आला. उजवीकडे वरच्या बाजूला छोटंसं, सुबक, गोल कडं! "अगं बाई, किती गोंडस!" सासूबाई म्हणाल्या.

पुढचा दिवस. सूर्य फिरला होता, डाग सरकले होते. कडं तिथेच.

आणखी पुढचे दिवस. जुने डाग सूर्याच्या पाठीमागे गेले, नवे उगवले. कडं तिथेच! धावत्या बसच्या खिडकीवरच्या डागासारखं जागच्या जागी! मागच्या रांगांत खुसखुस सुरू झाली.

"बघा!" सासूबाईंनी मैत्रिणीला कोपर मारलं. "बाकीचे सगळे पळाले. जावयाचं कडं जरा तरी हललं का?"

तेवढ्यात पडद्यावर आला तो दिवस, जेव्हा दुर्बिणीची मोटर अडकली होती. सूर्य अर्धाअधिक चौकटीबाहेर घसरलेला, आणि कडं काळ्या रिकाम्या आकाशात एकटंच लटकलेलं!

"अगं बाई! आता तर सूर्याबाहेरही निघालं!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

सगळं सभागृह खो खो हसलं. छिद्रोबाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काच! दुर्बिणीच्या काचेवर काहीतरी होतं! चार महिने तो डाग मोजत बसला होता, आणि त्याला बाईंचं नाव दिलं होतं! आता काम गेलंच, आणि बाईही गेल्या. बायको मात्र हसली नव्हती. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा कधी दिसलं?"

त्यानं तारीख सांगितली. बाईंचा चेहरा बदलला.

"त्या दिवशी मला भयंकर सर्दी झाली होती," बाई हळूच म्हणाल्या. "फडकं घेऊन काच पुसायला मीच बसले होते. आणि पुसून झाल्यावर शिंकले." त्यांनी घसा साफ केला. "थेंब वाळला, की त्याची कडा उरते. नाव अगदी चोख दिलंयस रे. ते माझंच आहे!"

हशा पुन्हा उसळला, पण बाईंनी हात वर केला.

"हसू नका! मी रोज हे नकाशे बघते. तुम्हीही बघता. चार महिन्यांत कुणाला दिसलं? याच्या भोकांनीच पकडलं ना? साहेब, याचं काम चालू ठेवा. फक्त यापुढे ठिपक्याबरोबर पत्ताही लिहायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या."

समारंभ संपल्यावर बाई आणि छिद्रोबा दुर्बिणीपाशी गेले. बाईंनी काच काढून दिव्याखाली धरली. कोपऱ्यात खरंच एक पुसटसं कडं होतं. छिद्रोबा ओणवा होऊन बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादं भोक डोळ्यांनी बघत होता. उद्यापासून बाई इथे नसणार, हे त्याला तेव्हाच कळलं. त्याचे डोळे भरून आले.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही नसताना मी..."

"अरे अरे, मागे हो!" बाईंनी झटकन काच छातीशी धरली. त्यांचेही डोळे काही कोरडे नव्हते. "रडायचं तर बाहेर जाऊन रडू या दोघं. काचेवर आता तुझंही कडं नको!"