बसा, बटणराव

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे टिपणीसकाका कुत्र्याला 'अहो' म्हणतात.

"अहो, चप्पल सोडा बघू. सोडा. वा, छान! आता जरा बसता का?"

पहिल्यांदा जिन्यातून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, काकांकडे कोणी व्याही-बिही आलेत. वाकून पाहिलं तर समोर आमचा बटण. वय अडीच महिने, तोंडात काकांची डावी चप्पल.

"काका, कुत्र्याला कसलं अहो-जाहो?"

"अरे-तुरे केलं की आपला आवाज चढतो," काका म्हणाले. "आवाज चढला की समोरचा घाबरतो. आणि घाबरलेला माणूस हमखास चुकीचा खटका दाबतो. अंबरनाथच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो मी, सगळी नोकरी हेच पाहण्यात गेली. हे तर बिचारे लहान आहेत."

बटण आमच्याकडे आला तो उल्हासनगरहून. कॅम्प तीनमध्ये ज्या जीन्सच्या कारखान्यात मी माल रवाना करण्याचं काम बघतो, तिथे कापडाच्या कातरणांच्या ढिगात एका रस्त्यावरच्या कुत्रीला चार पिल्लं झाली. आमचे सिंधी शेठ म्हणाले, "साईं, एक तो तुम ले जाओ. घर में रौनक आएगी." रौनक आली. पहिल्या आठवड्यात सोफ्याचा कोपरा गेला, चार्जरची वायर गेली आणि आमच्या बदलापुरात पाण्याची वेळ ठरलेली असताना आमच्या घरात फरशी पुसायला दिवसातून सात-आठ वेळा बादली लागायला लागली.

माझी बायको नीता वैतागून ओरडत होती, तेव्हा काका तक्रार करायला म्हणून वर आले. तक्रार राहिली बाजूला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"घटना किती वाजता घडली?"

"कुठली घटना?"

"ही." त्यांनी सोफ्याखालच्या ओघळाकडे बोट केलं. "त्याआधी हे काय करत होते? झोपले होते? जेवले होते? मूळ कारण सापडल्याशिवाय फाईल बंद होत नाही, नीताताई."

तीन दिवस काकांनी नोंदी ठेवल्या आणि चौथ्या दिवशी अहवाल वाचून दाखवला. बटण उठला की करतो, जेवला की करतो, खेळला की करतो. म्हणजे उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर त्याला तडक खाली न्यायचं. "आणि तुम्ही दहा मिनिटांनी येऊन ओरडता, त्याचा उपयोग शून्य. त्यांना वाटतं, ताई फरशीवर चिडल्यात. दोष कामगाराचा नसतो, व्यवस्थेचा असतो."

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीला रोज सकाळी एक देखावा दिसू लागला. खाली नारळाच्या झाडाजवळ बटणचं काम झालं रे झालं की काका टाळ्या वाजवायचे. "शाब्बास! उत्तम!" आणि लगेच उकडलेल्या रताळ्याचा एक तुकडा. लगेच म्हणजे लगेच. रताळं वर राहिलं म्हणून मी आणायला गेलो, तर परत आल्यावर मला ऐकावं लागलं, "आता दिलंत तर त्यांना वाटेल, जिना चढल्याबद्दल बक्षीस मिळतंय."

पंधरा दिवसांत आमची फरशी कोरडी झाली.

पण खरी अडचण जीन्सची होती. जन्मच त्या कातरणांत झाला म्हणून की काय, कोणीही जीन्स घालून दारात आलं की बटण धावत जाऊन पँटच्या मोहरीला दात रोवायचा आणि लोंबकळायचा. माझी मुलगी सई कॉलेजला निघताना किंचाळत, पाय झाडत हॉलभर नाचायची. बटणला तो खेळ फार आवडायचा. कुरिअरवाला तर पार्सल खालीच ठेवून पळायला लागला.

काकांनी एक दिवस पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. जरा लाजतच म्हणाले, "माझ्यासाठी एक जीन्स आणाल? कंबर छत्तीस."

आयुष्यात या माणसाने इस्त्रीच्या टेरिकॉट पँटशिवाय काही घातलं नव्हतं. रविवारी सकाळी काका जीन्स घालून वर आले. तिलाही कडक इस्त्री, समोर धारदार घडी, शर्ट आत खोचलेला. इमारतीतली निम्मी माणसं जिन्यात उभी. बटणने पाहिलं, त्याचे डोळे चमकले आणि त्याने काकांच्या उजव्या पायाकडे झेप घेतली.

काका खांबासारखे उभे.

"कोणी हसायचं नाही," ते ओठ न हलवता म्हणाले. "मी हललो की खेळ सुरू. सईबाई, तुम्ही किंचाळता, हेच त्यांचं बक्षीस."

टर्र असा आवाज झाला. काका हलले नाहीत. बटण गुरगुरला, मागे ओढत बसला, एका बाजूने ओढलं, दुसऱ्या बाजूने ओढलं. शेवटी कंटाळून त्याने तोंड उघडलं. त्याच क्षणी काकांनी जाड दोरीची एक गाठ पुढे केली. "हे तुमचं. हे चावा." बटणने दोरी घेतली आणि सोफ्याखाली जाऊन चावत बसला.

असं त्या दिवशी अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी बटणने जीन्सकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि स्वतःच दोरी आणायला गेला. काकांची जीन्स तोवर गुडघ्यापर्यंत फाटली होती.

"दुसरी आणून देऊ का, काका?"

"नको. मुलं अशीच मुद्दाम विकत घेतात ना?"

त्यानंतर आमच्या फ्रिजवर एक कागद लागला. घरात मी 'ए हट' म्हणायचो, नीता 'खाली उतर' म्हणायची, सई इंग्रजीत ओरडायची. काकांचं म्हणणं, तीन साहेबांचे तीन हुकूम आले तर कामगाराने करायचं काय? म्हणून कागदावर तीनच शब्द: बसा, थांबा, सोडा. सगळ्यांनी तेच वापरायचे. परिणाम असा झाला की आता मी 'बस' म्हटलं तर बटण माझ्याकडे अनोळखी माणसासारखा बघतो. 'बसा' म्हटलं की टुणकन बसतो. मागच्या महिन्यात माझे मेहुणे आले. नीता त्यांना म्हणाली, "बसा ना दादा." दादांच्या आधी बटण बसला आणि रताळ्यासाठी मान वर करून वाट बघू लागला. दादा अजून सांगतात, तुमच्याकडे पाहुण्यांत पहिला मान कुत्र्याचा.

शेवटचं प्रकरण रडण्याचं. मी अकराला कॅम्प तीनला जातो, नीताची अंबरनाथच्या शाळेत नोकरी, सई कॉलेजात. तीन वाजेपर्यंत घर रिकामं. दार ओढलं की बटण असा गळा काढायचा की चौथ्या मजल्यावरच्यांनी नोटीस लिहायला घेतली.

"जाताना तुम्ही लग्नातली पाठवणी करता," काका सईला म्हणाले. "मिठ्या काय, पाप्या काय. त्यांना वाटणारच, काहीतरी भयंकर घडतंय. निरोप नको. पिशवी उचला आणि चला."

मग काकांनी जिन्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. पहिल्या दिवशी आम्ही एक मिनिट बाहेर, मग आत. मग तीन मिनिटं. सात. पंधरा. आम्ही कामाला गेल्यावर पुढची जबाबदारी काकांची. ते बाहेर बसून कान देणार आणि संध्याकाळी तोंडी अहवाल देणार. "आज वीस मिनिटं कुरकुर, मग शांत." "आज फक्त एकदा भुंकले, तेही कावळ्यावर." तीन आठवड्यांनी त्यांनी जाहीर केलं, "जमलं. फाईल बंद." बटणने पंजा पुढे केला, काकांनी हात मिळवला आणि खुर्ची उचलून खाली गेले.

त्यानंतर त्यांचं वर येणंही थांबलं. काम संपल्यावर उगाच कोणाकडे जायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. आम्हीही आपापल्या धावपळीत. कधी जिन्यात भेटले तर विचारायचे, "बरे आहेत ना ते?" आणि पुढे जायचे.

गेल्या बुधवारी मी नमुन्याची पँट घरी विसरलो. शेठने लगेच परत पाठवलं. साडेबाराच्या सुमारास जिना चढून आलो तर आमच्या दाराबाहेर, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून काका बसले होते. खुर्ची नव्हती. पाठ आमच्या दाराला टेकलेली.

मला बघून ते गडबडीने उठायला लागले. गुडघ्याने साथ दिली नाही.

"रडतोय का अजून?" मी घाबरून विचारलं.

"नाही, नाही. तसं काही नाही. जरा निरीक्षण."

मी दार उघडलं. आतून काहीच आवाज नाही. बेडरूममध्ये जाऊन पाहिलं तर बटण सईच्या पलंगावर चारी पाय वर करून घोरत होता. दार वाजल्याचंसुद्धा त्याला कळलं नव्हतं.

काका उंबऱ्याबाहेरच उभे होते, वर्तमानपत्राची घडी घालत.

"तुम्ही रोज बसता इथे?"

काकांनी घडीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"ते पहिल्याच आठवड्यात शिकले हो," ते म्हणाले. "पुढचे दोन आठवडे मी जे सांगत होतो ना, कुरकुर, कावळा वगैरे, ते खरं नव्हतं. नोकरीत एक नोंद कधी खोटी केली नाही मी." मग म्हणाले, "आमची ही गेली त्याला आता तीन वर्षं होतील. सकाळ जाते. संध्याकाळी खाली माणसं असतात. दुपार फार मोठी असते. माझ्या दाराआड कोणीच नसतं. इथे टेकलं की निदान आत कोणीतरी आहे असं वाटतं."

मी त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं.

"आत या, काका."

"नको, ते झोपलेत. जागे होतील."

"होऊ देत की."

मी चहा टाकला. आधण येईपर्यंत नमुन्याची पँट शोधली, पिशवीत घातली. कप घेऊन बाहेर आलो तर बटण कधी तरी उठून आला होता आणि काकांच्या मांडीवर अंग टाकून परत झोपला होता. काका सोफ्यावर बसल्या बसल्या, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून झोपले होते. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं.

मी कपावर बशी झाकली. घराची दुसरी किल्ली कपाशेजारी ठेवली. मग दार अगदी हळू ओढून घेतलं आणि स्टेशनकडे निघालो.