प्यो सुंगजेच्या चाळीस खुर्च्या

"जुनं घर आणि नवं हॉटेल यांचं लग्न जुळवावं, तर ते मीच! आजवर एकही जोडी भांडून वेगळी झालेली नाही," असं सोलचा सजावटकार प्यो सुंगजे कुणी न विचारता सांगत असे. आजवर त्याने एकच जोडी जुळवली होती, त्यामुळे विधान तसं खोटं नव्हतं.

दुसरी जोडी दक्षिण कोरियातल्या जॉन्जूमधली. एकशेतीस वर्षांचं कौलारू घर, आणि त्यात हॉटेल काढायला निघालेल्या बोंगर्येबाई. वय अडुसष्ट. तीस वर्षं बाजारातल्या टपरीवर मोड आलेल्या सोयाबीनचं सार आणि भात विकला, आणि टपरी भाचीला देऊन टाकून हे घर भाड्याने घेतलं. म्हणजे मागे फिरायची सोय नाही. सगळं गाव त्यांना मावशी म्हणे. सुंगजेही म्हणे, पण आवाजात जरा सोल शहर आणून.

त्याने घर नवं केलं. भिंती दुधासारख्या पांढऱ्या. छताला असा दिवा, की जणू छत्रीने उपोषण केलंय. आणि जीव की प्राण म्हणजे चाळीस परदेशी खुर्च्या. बगळ्यासारखे पाय!

"मावशी, या खुर्चीवर बसलं की माणसाचा कणा आपोआप सुसंस्कृत होतो."

मावशींनी बसून पाहिलं. "अरे, ही खुर्ची आहे की सासू? पाठ टेकूच देत नाही!"

आता उरला होता एक शिक्का. जुन्या वास्तूंच्या समितीचे मेंग साहेब तो कोटाच्या खिशात घेऊन हिंडत. तो कागदावर उमटल्याशिवाय हॉटेलचं दार उघडायचं नाही. साहेबांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. झोप येत नाही म्हणून हसू येत नाही, असं त्यांचा शिपाई सांगे. त्यांच्या अटी दोन. चुलीला आणि जमिनीला हात लावायचा नाही. आणि शिक्क्याआधी पेटत्या चुलीवर शिजवून चाळीस माणसं घरात जेवताना दाखवायची.

"चुलीला हात कशाला लावू? मी तिला नायिका करतो!" म्हणत सुंगजेने चुलीसमोर काच बसवली.

तिकडची चूल नुसता भात शिजवत नाही. तिची आच जमिनीखालच्या दगडी पोकळ्यांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडते आणि वरची तेल पाजलेल्या पिवळ्या कागदाची जमीन तापते. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. सुंगजेलाही होतं. "फुकटची ऊब!" म्हणून तो खूशही होता. पण त्याच्या डोक्यात चूल होती ती चार माणसांच्या भाताची. मावशींनी पहाटेपासून चाळीस माणसांचं रटरटत ठेवलं होतं!

दुपारी बर्फ भुरभुरत असताना पाहुणे आले. दाराशी जोडे काढले आणि खुर्च्यांवर ताठ बसले. मासिकाच्या फोटोवाल्याने दिवा टिपला. मेंग साहेबांनी भिंतींकडे डॉक्टर जिभेकडे बघतो तसं बघितलं. सगळं झकास चाललं होतं.

मग शेजारच्या आजोबांची चॉपस्टिक खाली पडली. आजोबा उचलायला वाकले. तळहात जमिनीला लागला. आजोबा वर आलेच नाहीत.

"आजोबा, काही होतंय का?" सुंगजे धावला.

"होतंय बाबा, फार छान होतंय!"

पुढच्या दोन मिनिटांत चाळीस सुसंस्कृत कणे खुर्च्यांवरून पिकल्या पेरूसारखे टपाटप खाली आले. खुर्च्या भिंतीशी ढकलल्या गेल्या. एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की मेंग साहेब दाराशी बसलेत!

"साहेब, चुलीजवळची गरम जागा तुमची!"

"नको, मी इथे बरा आहे."

"असं कसं! आम्ही उबेत आणि साहेब गारठ्यात? लोक काय म्हणतील?"

मानाची जागा दोनदा नाकारता येते, तिसऱ्यांदा नाही. साहेब त्या जागेवर बसले. कोट निघाला. स्वेटर निघाला. टाय सैल झाला. चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा झाला, पण मान तो मान! जेवणं उरकताच मावशींनी भाताची दारू पुढे केली. साहेबांनी एक वाटी घेतली, कोटाची घडी डोक्याखाली घेतली, आणि खोलीत पहिलं घोरणं ऐकू आलं. त्याला एकोणचाळीस जणांनी साथ दिली. फोटोवाल्यानेही.

"मावशी! साहेब झोपले! शिक्का त्यांच्या डोक्याखाली आहे!"

"मग हळू बोल की मेल्या! उठतील ना!"

"चूल विझवा!"

"दगड तापलेत रे, आता विझवून काय—"

सुंगजेने बादली उपडी केली होती.

चुलीने एकशेतीस वर्षांत असा अपमान सोसला नव्हता. तिने फुस्स करून वाफ, राख आणि पणजोबांच्या काळची काजळी एकदम बाहेर फेकली. काच काळी. दुधी भिंत काळी. सुंगजेचे फक्त दात पांढरे उरले, तेही भीतीने. फोटोवाल्याने एक डोळा उघडून एक फोटो टिपला आणि कूस बदलली, बस्स!

मावशींनी भिंतीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसल्या. "पोरा, टपरीसुद्धा देऊन बसले रे मी."

सुंगजे बाहीने भिंत पुसू लागला. भिंत आणखी काळी झाली.

साडेपाचला जमीन कोमट झाली आणि मेंग साहेब उठून बसले. काळ्या भिंतीकडे त्यांनी बघितलंच नाही. "चूल कुणी विझवली?"

एक काळा हात वर गेला.

"अकरा वर्षं," साहेब म्हणाले, "अकरा वर्षं डोळ्याला डोळा नाही. आज लागला, तर तुम्ही चूल विझवता?" आणि चुरगळलेल्या कोटातून शिक्का काढून त्यांनी असा दाबला, की खालचे तीन कागदही मंजूर झाले. खाली शेरा लिहिला: 'वास्तू सुस्थितीत. खुर्च्या झोपणाऱ्यांच्या आड येतात, काढाव्यात.' साहेब हसले, असं मावशी सांगतात. सुंगजेच्या डोळ्यांत काजळी होती.

मासिकात फोटो आला. घोरणारे एकोणचाळीस जण आणि मागे काळाकुट्ट सुंगजे. खाली ओळ: 'डावीकडे, चूल सांभाळणारे काका.' मावशींनी तो चौकट करून काळ्या भिंतीवर लावला. भिंतही तशीच ठेवली. गिऱ्हाइकं 'काय जुनी शोभा आहे!' म्हणतात. खुर्च्या अंगणात आहेत. त्यांच्यावर लाल मिरच्या ताठ बसून वाळतात.

सुंगजे दर गुरुवारी सोलहून येतो. खुर्च्यांची पाहणी करायला, असं म्हणतो. मावशी त्याला सार-भात वाढतात आणि आडवं व्हायला जागाही देतात. पण गरम जागा वयाच्या मानाने मिळते, आणि तो अवघा बेचाळीस वर्षांचा. तो दाराशी झोपतो, जोड्यांशेजारी, ओव्हरकोट घालून.